एकशे अठरा नंबरचा बिल्ला

रेड लॅडर खाणीत दिवसातून एकदाच सुरुंग उडतात. दिवसपाळी वर आल्यावर आणि रात्रपाळी खाली जायच्या आधी, पाच वाजता. त्या वेळी आत एकही माणूस नाही याची खात्री खाणीच्या तोंडाशी असलेल्या लाकडी फळ्यावरून होते. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या कुठल्याही खिळ्याला टांगायचा आणि बाहेर आल्यावर काढून खिशात टाकायचा. फळा रिकामा झाला की दिव्यांच्या खोलीतला हेक्टर सुरुंगाची किल्ली देतो. ॲरिझोना हे राज्यसुद्धा नव्हतं तेव्हा ही खाण चांदीसाठी खोदली गेली. आता तिच्यातून तांबं निघतं आणि पंखे कॉम्प्युटरवर चालतात. फळा मात्र तोच आहे.

दसऱ्याच्या दिवशी, गुरुवारी, पाचला वीस मिनिटं कमी असताना उत्तरा बोकारे सगळ्यात शेवटी वर आली. ती खाणीची मुख्य फोरमन. शेवटी बाहेर पडायचं हे तिचं कामच होतं. फळ्यावर एकच बिल्ला उरला होता. तिने सवयीने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. तिचा नंबर एकसष्ट. समोरच्या बिल्ल्यावर एकशे अठरा होतं.

"हेक्टर, एकशे अठरा कोण?"

"डोनोव्हान. ड्रिलवरचा." हेक्टर खिडकीतून वाकला. "पण तो सोमवारपर्यंत सुट्टीवर आहे, बॉस."

"मग हा बिल्ला काय पायाने चालत आला?"

"ओव्हरटाइमला आला असेल. सुट्टी मोडून येतात ना लोक. आणि तुझा कुठाय?"

उत्तराने खिसे चाचपले. बिल्ला नव्हता. सकाळी साडेपाचला चाळीस माणसांच्या रांगेत ती फोनवर बोलत होती. बिल्ला टांगल्याचं तिला आठवत होतं, नंबर पाहिल्याचं आठवत नव्हतं. खाली पडला असेल, नाहीतर टांगलाच नसेल. त्याचं नंतर बघता येणार होतं. डोनोव्हानचा फोन बंद होता.

"किल्ली द्यायची नाही," ती म्हणाली. "बिल्ल्याला हात लावू नका. दोन टीम करा."

माणूस सापडेपर्यंत त्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा जुना नियम. बिल्ल्यांचे बाकीचे नियम उत्तराने स्वतः लिहिले होते. ज्याची बिल्ल्यात चूक होईल त्याला पाच दिवस घरी बसवायचं आणि वर्षभर बढती द्यायची नाही. तीन आठवड्यांपूर्वी ट्रॅव्हिस नावाचा लोडर चालवणारा फळ्यावर बिल्ला विसरून घरी गेला, तेव्हा तिने तो नियम त्याला लावला. त्याची बायको ऑफिसात येऊन रडली, तरी लावला. त्याच आठवड्यात मॅनेजर ब्रॅडलीने आपल्या जागेसाठी तिचं नाव वर पाठवलं होतं. ब्रॅडली डिसेंबरात रिटायर होणार होता. रेड लॅडरमध्ये मॅनेजरच्या जागी बाई कधीच आली नव्हती. सोमवारी हेड ऑफिसचे लोक नाव पक्कं करायला येणार होते.

शोध तीन तास चालला. बारा माणसांनी सातही लेव्हल चालून पाहिल्या, बंद बोगद्यांच्या जाळ्यांवर टॉर्च मारले, हाका मारल्या. रात्रपाळीचे लोक गेटबाहेर आपापल्या ट्रकमध्ये बसून राहिले. आठला दहा कमी असताना डोनोव्हानचा फोन आला. तो पेसनला सासुरवाडीत होता आणि मोबाइल गाडीत राहिला होता.

"बिल्ला? माझ्या पँटच्या खिशात आहे," तो म्हणाला. "का? काय झालं?"

हेक्टरने फळ्यावरचा बिल्ला काढला, उलटा केला आणि उत्तराच्या हातात दिला. मागे दुसऱ्याच एका खाणीचं नाव होतं, ग्लोबजवळच्या, वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या. कडेला एक छोटा पोचा होता. तो पोचा तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तिनेच बत्त्याने पाडला होता.

ती बाहेर येऊन ट्रकमध्ये बसली आणि चँडलर गावातल्या घरी फोन लावला. तिचे वडील शैलेंद्र चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. नागपूरजवळच्या मँगनीजच्या खाणीत सहा वर्षं आणि ॲरिझोनात एकतीस वर्षं मायनिंग इंजिनियर म्हणून काम करून रिटायर झाले होते.

"बाबा, माझा बिल्ला कुठे आहे?"

"देवापुढे. काल खंडेनवमी नव्हती का? तुझा हातोडा, जुना कॅपलॅम्प, बिल्ला, सगळं पूजेत ठेवलंय. तू आठलाच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. ये लवकर, उत्तरपूजा करून देतो. श्रीखंड आणलंय."

"आणि जॅकेटमध्ये तुमचा घातलात."

"हो, मग? नागपूरला आमच्या खाणीत तसंच करायचे. बिल्ला पूजेत बसला की खिसा रिकामा ठेवायचा नाही, जुना घालायचा. नवमी-दसरा, दोन दिवस."

"त्या दोन दिवसांत तुमची खाण चालू असायची?"

 पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बंद असायची," शैलेंद्र म्हणाले. "उत्तरा, तू तो टांगलास?"

"टांगला. मग बारा माणसं तीन तास खाली फिरली."

"कोणाला लागलं का?"

"नाही."

"सुरुंग?"

"उडवले नाहीत."

"हे बघ, मी सकाळी तिथे येतो. ब्रॅडली मला ओळखतो. लिहून देतो, चूक माझी. मला कळायला हवं होतं. सदतीस वर्षं मी खाणीत काढली, आणि मला कळायला नको?"

"तुमची चूक घरातली आहे, बाबा. फळ्यावर मी टांगला. न बघता."

"पण सोमवारी ते लोक—"

"माहीत आहे."

ती परत आली तेव्हा हेक्टर एकटाच होता. ब्रॅडली गेटवर रात्रपाळीला घरी पाठवत होता.

"ऐक," हेक्टर हळू आवाजात म्हणाला. "पाठीमागचं नाव मी एकट्यानेच वाचलंय. या खोलीत असलं जुनं पितळ किलोने पडलंय. कोणीतरी मस्करी केली, असं लिहू. ट्रॅव्हिसने केली म्हटलं तरी लोकांना पटेल, तो चिडलेलाच आहे. तुझा बिल्ला उद्या फळ्याखाली सापडेल."

"ट्रॅव्हिसने?"

"नाव नको घेऊ हवं तर. पण विचार कर, बॉस. बाहेरून कोणी मॅनेजर आला की पहिलं काय करेल? हा फळा काढून मशीन लावेल. मग मी कुठे जाऊ?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उत्तराने थोडा वेळ विचारही केला. ट्रॅव्हिसचं नाव न घेता, नुसतं 'अज्ञात व्यक्ती' लिहूनही भागलं असतं. तपास फार तर आठवडाभर चालला असता. पण मग पुढच्या वेळी फळ्यावर अनोळखी बिल्ला दिसला, तर कोणीतरी म्हणालं असतं की मस्करी असेल, द्या किल्ली. आणि त्या दिवशी कदाचित आत खरंच माणूस असता.

"फॉर्म दे," ती म्हणाली.

"कुठला?"

"ट्रॅव्हिसला दिला तोच."

फॉर्म एका पानाचा होता. 'कारण' या रकान्यात तिने लिहिलं: टांगताना नंबर वाचला नाही. घरच्या पूजेबद्दल काही लिहिलं नाही, कारण फॉर्म खाणीचा होता. ब्रॅडली आत आला. त्याने तो उभ्यानेच वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा सोमवारनंतर दिलास तरी चालेल. मी काही विचारणार नाही."

"ट्रॅव्हिसला त्याच दिवशी दिला होता."

"ट्रॅव्हिसला मॅनेजर व्हायचं नव्हतं."

"सही कर, ब्रॅडली."

त्याने सही केली. नेहमीपेक्षा बराच वेळ लावून केली.

उत्तरा पाच दिवस घरी बसली. पहिले दोन दिवस शैलेंद्र तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "नियम बदलणार का?" तिने सांगितलं की बिल्ला टांगताना प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने बोलायचा आणि हेक्टरने तो वहीत लिहायचा, असा नियम करायचा विचार आहे. रांगेला दहा मिनिटं जास्त लागतील. "बारा लागतील," शैलेंद्र म्हणाले, आणि कागद घेऊन तिच्याबरोबर हिशोब करत बसले.

मॅनेजरची जागा नेवाडातून आलेल्या एका माणसाला मिळाली. डिसेंबरात दोन आठवडे त्याला खाण दाखवायचं काम उत्तराकडे होतं. सातही लेव्हल तिने त्याला चालवत दाखवल्या. त्याने फळ्याबद्दल विचारलं, तेव्हा ऑक्टोबरातल्या गुरुवारी काय झालं ते तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की मशीनचं टेंडर जानेवारीत काढू, तोवर हे असंच चालू दे.

खिडकीतून हेक्टरने उत्तराकडे पाहिलं. ती दुसऱ्या दिवशीची पाळी लावत होती.