माफी कोणी मागायची

आमच्या शाळेत परस्पर आदर सुरू झाला तो हेडसर शिपायावर ओरडले त्या सकाळी. 'परस्पर आदर' असं लिहिलेला फलक त्याने भिंतीवर जरा तिरका लावला होता. हेडसरांनी त्याला सगळ्या मुलांसमोर गाढव म्हटलं, फलक सरळ झाला आणि उपक्रमाचं उद्घाटन झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

वरून दर महिन्याला एक मूल्य येतं. मागच्या महिन्यात प्रामाणिकपणा आला होता. त्याच्या परीक्षेची उत्तरं हेडसरांनी आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून दिली, त्यामुळे प्रामाणिकपणात आमची शाळा शंभर टक्के निघाली. आदराचं मात्र तसं नव्हतं. या खेपेला शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन आदर्श पाठ बघणार होते, आणि तो पाठ नव्या बाईंच्या गळ्यात पडला.

नव्या बाई दुसरीचा वर्ग घेत. वर्षाच्या करारावर आलेल्या. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि शिकणारा भाऊ. करार संपत आला होता. पाठ चांगला झाला तर कायम करायची शिफारस करतो, असं हेडसर त्यांना सांगत, आणि हे वाक्य ते चहा मागवताना, सही घेताना, अगदी खुर्ची सरकवायला सांगतानाही म्हणत. बाई प्रत्येक वेळी "सॉरी सर" म्हणून उभ्या राहत. चूक कोणाची, हे विचारायची त्यांना सवयच नव्हती. वाऱ्याने दार आपटलं तरी सॉरी म्हणायच्या. शेजारचा वर्ग माझा. मला त्यांची दयाही यायची आणि रागही.

पाठ बाईंनीच बेतला होता आणि तो खरंच छान होता. पाण्याच्या नळावर दोन मुली. एक रांग मोडून दुसरीला ढकलते. चुकलं कोणाचं ते वर्ग ठरवतो, ढकलणारी माफी मागते आणि दोघी मिळून पाणी पितात. ढकलायला बाईंनी वर्ग जिला सरदार म्हणायचा ती मुलगी निवडली, कारण ती एरवीही तेच करायची. समोर उभी केली चिमणी, वर्गातली सगळ्यात लहान चणीची पोर. तोंडातून शब्द काढायलाही ती घाबरायची.

आता सरदारचे वडील म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. तालमीची बातमी घरी पोचली तसे ते तडक शाळेत आले. आपली मुलगी साहेबांसमोर माफी मागणार, हे त्यांच्या पचनी पडेना. आमच्या घराण्यात कोणी कोणाची माफी मागितलेली नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि ते खरंच असावं. बरं, भूमिका बदलाव्यात तर सरदारला कोणी ढकललेलंही त्यांना चालणार नव्हतं. हेडसरांनी डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. ढकलेल सरदारच, पण माफी मागेल चिमणी. वाटेत उभी राहिले, चुकलं माझं, असं म्हणायचं.

यात आदर कुठे आला, असं बाईंनी दबक्या आवाजात विचारून पाहिलं. हेडसर म्हणाले, माफी मागितली की आदर आला, कोणी मागितली हा किरकोळ तपशील झाला. वर कायम करायचं वाक्य होतंच. बाई सॉरी म्हणाल्या आणि तालमी सुरू झाल्या.

मग रोज दुपारी भिंतीपलीकडून तेच ऐकू यायचं. आधी धप्प, मग चिमणीचं "वाटेत उभी राहिले, चुकलं माझं". पोर इतकी तयार झाली की मधल्या सुट्टीत कोणाचा धक्का लागला तरी तिच्या तोंडून तेच निघायचं. बाकीच्यांना ही सोय फार आवडली. येता जाता चिमणीला धक्का मारायचा आणि माफी वसूल करायची. आदर असा झपाट्याने शाळाभर पसरला. बाई व्हरांड्यातून ते बघायच्या आणि डबा तसाच मिटून ठेवायच्या.

ठरल्या दिवशी साहेब आले. वर्गात मागे खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये साहेब, एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला हेडसर, आणि भिंतीला टेकून मी. नळ पुठ्ठ्याचा होता, पण चिमणीच्या पेल्यातलं पाणी खरं होतं. बाप बघतोय म्हटल्यावर सरदारला चेव आला. तिने असा काही धक्का दिला की चिमणी बाकावर आपटली आणि सगळं पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

चिमणी उठली. आता तिचं वाक्य यायचं होतं. ते आलं नाही.

हेडसरांनी मागून हातवारे करून पाहिले. साहेबांना वाटलं पोर विसरली, म्हणून त्यांनी प्रेमाने विचारलं, बाळ, आता काय म्हणायचं असतं?

"तिने म्हणायचं असतं," चिमणी म्हणाली. "मी आधी आले होते."

पुढे काय करायचं ते सरदारलाही कळेना, तेव्हा ती वडिलांकडे वळली. "मीच ढकललं. पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, माफी मागायची नाही?"

अध्यक्ष छताकडे पाहू लागले. हेडसरांचा तोल सुटला आणि ते बाईंवर गरजले, "हेच शिकवलंत का? आधी साहेबांची माफी मागा."

बाईंनी तोंड उघडलं. सॉरी येणार हे मला ठाऊक होतं, आणि ते यावं असंच वाटत होतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता, आणि त्या शब्दावर त्यांचं अख्खं घर अवलंबून होतं.

"हो सर, हेच शिकवायचं होतं," बाई म्हणाल्या. "चिमणीचं बरोबर आहे." आणि खाली बसून त्या रुमालाने तिचे ओले हात पुसू लागल्या.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. साहेब टाळ्या वाजवत होते. इतका जिवंत पाठ आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं ते म्हणाले. विशेषतः मुख्याध्यापकांनी स्वतः उर्मट वरिष्ठाचं काम केलं, ते तर अगदी हुबेहूब वठलं होतं. हेडसरांनी मान लववून कौतुक स्वीकारलं. दुसरं काय करणार? पुढे विभागात शाळेचा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र हेडसरांच्या खोलीत टांगलंय आणि त्यावर नावही त्यांचंच आहे.

बाईंचा करार मात्र वाढवला नाही. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, असं कारण दिलं.

शेवटच्या दिवशी त्या शिक्षकांच्या खोलीत आपला कप्पा रिकामा करत होत्या. मी आधीच चिडलेली. हेडसरांवर चिडून उपयोग नसतो, म्हणून बाईंवरच घसरले. ऊठसूट सॉरी म्हणत असतेस, मग नेमका तेव्हाच तो शब्द कुठे गेला, म्हटलं. आता घरी वडिलांना काय सांगणार आहेस?

त्यांनी रंगीत कागदांची गुंडाळी पिशवीत घातली. डोळे भरून आले होते.

"तोंडात आलाच होता हो ताई शब्द," त्या म्हणाल्या. "पण चिमणी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं तसे तिचेही ओठ हलायला लागले होते."