मधलं मशीन

ज्या शाळेत कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेलेच नाहीत, त्या शाळेत नेटवर्किंगचा पाठ घ्यायचा म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात आणायचं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या इंग्रजी शाळेत बारा मशीन होती, त्यातली सात चालू. त्या सातांचा आपसात संबंध एवढाच की सगळ्यांवर एकाच निळ्या कापडाची कव्हरं होती. तरी २००६च्या जानेवारीत मला सांगण्यात आलं की नववीच्या वर्गाला नेटवर्किंगची ओळख करून द्या, ट्रस्टी मागे बसून बघतील आणि आवडलं तर तुम्हाला परमनंट करतील.

त्या एका शब्दामागे मी चार वर्षं धावत होते. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला निरोप, आणि मधल्या मे महिन्यात प्रिन्सिपल सुगंधा मॅडमना काहीतरी निमित्त काढून फोन करायचा, म्हणजे त्यांना माझं नाव आठवेल. दिवाळीत नवऱ्याचं हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतलं युनिट बंद पडलं होतं. तो घरी बसून शब्दकोडी सोडवायचा आणि मी चपला काढायच्या आत मला आडवे-उभे शब्द विचारायचा. या वेळीही ऑर्डर हातात पडली नाही तर काय, हे आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. त्याच जागेसाठी संस्थेच्या दुसऱ्या शाखेतला एक तरुण सर होता. तो प्रोजेक्टर घेऊन येणार ही बातमी शिपाई दत्तारामने मला आधीच पोचवली होती.

प्रोजेक्टरला माझं उत्तर काय, तर पोरं. मी पोरांनाच कॉम्प्युटर करणार होते. पाच मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलेले आकडे. एक नंबर संदेश पाठवणार, पाच नंबरला तो मिळणार. दोघांच्या मध्ये दोन वाटा. जवळच्या वाटेवर एकटं दोन नंबरचं मशीन, लांबच्या वाटेवर तीन आणि चार. संदेशाचे चार तुकडे करायचे, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, पाकिटावर पत्ता आणि तुकड्याचा क्रमांक. पाकिटं हातोहात पुढे जाणार आणि शेवटच्या मुलाने क्रमांक बघून तुकडे जुळवायचे. एकदा हातातून पाकीट गेलं की पोरं ते जन्मात विसरणार नाहीत, याची मला खात्री होती. ती खात्री खरी ठरली, एवढं आधीच सांगून ठेवते.

विकी एक नंबर, कारण त्याचा आवाज खणखणीत. लांबच्या वाटेवर यतीन आणि अनुष्का. पाच नंबरला रुचिता, कारण ती ट्रस्टींच्या ओळखीतल्या घरातली होती आणि मला तेवढं कळत होतं. आणि मधल्या, सगळ्यात महत्त्वाच्या जागी मी जागृतीला ठेवलं.

जागृती मोरव्याची. वडिलांची होडी, आई सुकी मासळी विकायची. वर्गात तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. डब्यात मांसाहार आणायचा नाही हा नियम शाळेच्या डायरीत छापलेला होता आणि तो जागृतीइतका कुणीच पाळत नव्हतं. तिच्या डब्यात रोज भाकरी आणि बटाटा. पण तिच्या दप्तराला वास येतो हे पोरांनी पाचवीतच ठरवून टाकलं होतं आणि ठरवलेल्या वासाला कुठला साबण चालतो? मला तो वास कधी आला नाही. आला असता तरी नाक मुरडणारी मी कोण? बेव्हर्ली पार्कमध्ये आमच्या मजल्यावर चारातली तीन घरं शाकाहारी. आम्ही बांगडे आणायचो ते पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, आणि तळायचो खिडक्या लावून. स्टाफरूममध्ये चार वर्षं मी शाकाहारीच होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

म्हणून तिला मध्ये उभं करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सगळा संदेश तिच्या हातून गेला की पोरांची खोड आपोआप मोडेल, असा माझा शहाणपणा. शिवाय ती हुशार होती. दोनदा तालीम घेतली, जुन्या कॅलेंडरच्या चित्राचे तुकडे करून. तालीम बिनबोभाट पार पडली. विकीने एकदा पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरून तिच्यापुढे केलं, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. जागृतीने मात्र मला विचारलं, की मधल्या मशीनने पाकीट उघडून वाचलं तर? बाकी वर्ग घड्याळाकडे बघत होता. मी इतकी खूश झाले की हाच प्रश्न ट्रस्टींसमोर विचार, असं तिला सांगून ठेवलं. ती मान डोलावून जागेवर गेली ती हसतच.

मग मी माती खाल्ली. आदल्या संध्याकाळी मला वाटलं, कॅलेंडरचं चित्र ट्रस्टींना फार कोरडं वाटेल. पोरं खूश दिसली पाहिजेत. मी स्टेशनजवळून चिक्कीच्या दोन चौकोनी वड्या आणल्या, एकीचे चार तुकडे करून चार कागदी पुड्या बांधल्या आणि दुसरीचे तुकडे, एखादा मोडलाच तर असावेत म्हणून, डब्यात ठेवले. तुकडे बरोबर क्रमाने जुळले की वडी पूर्ण होणार आणि पाच नंबरने ती खायची. नवऱ्याने पुड्यांवर सुंदर अक्षरात पत्ते घातले. मलाही ही कल्पना इतकी आवडली की खाण्याची वस्तू कुणाच्या हातून कुणाकडे जाते हे या गावात माणसं किती बारकाईने बघतात, ते कोथिंबिरीखाली बांगडे झाकणाऱ्या बाईला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी आणि सुगंधा मॅडम मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर पाच गोल काढले, वाटा काढल्या, पुडीत काय आहे ते सांगितलं. वर्गात आनंदाची लाट आली. विकीने पहिली पुडी जागृतीकडे दिली. तिने पत्ता मोठ्याने वाचला आणि पुडी रुचितापुढे धरली.

रुचिताने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मला वाटलं ती बावरली. मी हळूच म्हटलं, घे. ती त्याहून हळू बोलली, "मॅम, मेरे को इसके हाथ का नहीं चलता." पुढच्या दोन बाकांना ऐकू गेलं, मागे नाही. विकी चलाख. त्याने काय ओळखायचं ते ओळखलं आणि उरलेल्या तिन्ही पुड्या यतीनकडे फिरवल्या. यतीनने अनुष्काला दिल्या, अनुष्काने रुचिताला, आणि रुचिताने त्या घेतल्या. जागृती हात पुढे करून तशीच उभी होती.

ट्रस्टी बाकावर पुढे सरकले. त्यांना मजा वाटत होती. म्हणाले, "वो बच्ची के पास अटक गया, वो क्या है, टीचर?"

त्या क्षणी मी तास थांबवू शकले असते. स्वतः पुढे होऊन जागृतीच्या हातातला तुकडा तोंडात टाकू शकले असते. रुचिताच्या घरच्यांशी ट्रस्टींची ओळख होती, सुगंधा मॅडमचं पेन वहीवर टेकलं होतं आणि दाराबाहेर तो सर प्रोजेक्टरची बॅग मांडीवर घेऊन माझा तास संपायची वाट बघत होता. कुणी शिकवल्यासारखं उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी म्हटलं, "सर, वही तो नेटवर्क की खूबी है. एखादं मशीन बंद पडलं तरी काम अडत नाही. बाकीची मशीन दुसरी वाट शोधतात." आणि खडू घेऊन फळ्यावरच्या दोन नंबरच्या गोलावर फुली मारली.

ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या, म्हणून वर्गाने वाजवल्या. अडकलेल्या तुकड्याचं काय, असं त्यांनी विचारलं. तेही मला येत होतं. हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवतात, असं सांगून मी डब्यातला जादा तुकडा लांबच्या वाटेने धाडला. वडी पूर्ण झाली. रुचिताने ती खाल्ली. पुस्तकात एवढं चांगलं उदाहरण नव्हतं.

तिचा प्रश्न जागृतीने विचारला नाही. मीही आठवण केली नाही.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. रडत नव्हती. पुडी माझ्या डस्टरशेजारी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मी बंद न्हवते. मी चालूच होते."

मी म्हटलं, "अगं, ते नुसतं समजवायला होतं. मनावर घ्यायचं नाही."

तिने मनावर घेतलं की नाही हे मी विचारायला गेले नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर हातात पडली. नवऱ्याने ती दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवली. सुगंधा मॅडम म्हणाल्या की बंद मशीनची कल्पना ट्रस्टींना फारच आवडली, तो पाठ आता दुसऱ्या शाखेतही घ्या. मी घेतला. तिथे मधल्या मुलाला आधीच सांगून ठेवलं की तू काही घ्यायचं नाहीस.

मार्चमध्ये नववीचा पेपर मीच काढला. प्रश्न होता, नेटवर्कमधून पाकीट पुढे गेलं नाही तर त्याचं कारण काय असू शकतं, दोन गुण. आख्ख्या वर्गाने लिहिलं की मधलं मशीन बंद आहे. पोरं खरोखरच विसरली नव्हती. जागृतीने मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. मधलं मशीन चालू असतं, पाकीटही बरोबर असतं. ज्याच्यासाठी पाकीट आहे तोच हात पुढे करत नाही.

उत्तर बरोबर होतं. तंत्राच्या दृष्टीनेही बरोबर होतं, मी पुस्तक काढून खात्री केली. तोवर मी परमनंट झाले होते, मला कुणाची भीती उरलेली नव्हती. पण तिला दोन गुण द्यायचे तर फळ्यावरची फुली खोटी होती, हे मलाच माझ्या अक्षरात लिहून द्यावं लागलं असतं. मी लाल पेनाने शून्य काढलं आणि पुढचा पेपर ओढला.