उजळ बाई, उजळ हंस

साकोली-अड्याळ पट्ट्यात विक्कीच्या कॅमेऱ्यातून आजवर एकही सावळी नवरी बाहेर पडलेली नाही. आत गेल्या असतील ढीगभर. बाहेर आल्या त्या सगळ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या. लग्नघरांना तेच हवं असतं, म्हणून विक्कीची समजूत अशी की फोटो काढणं म्हणजे उजेड ओतणं. कॅमेऱ्यावर उजेड कमीजास्त करायचं एक चाक असतं म्हणे. त्याचं चाक कायमचं वर चढवलेलं.

या कलावंताकडे वासुदेवरावांनी कामिनीला नेलं. वासुदेवराव म्हणजे अड्याळच्या सप्ताहाचे अध्यक्ष. आणि कामिनी एकोडीची, धानाच्या बांध्यांत वाढलेली कीर्तनकार पोर. मी तिच्यामागे टाळ धरतो. मोठमोठ्या बुवांच्या मागेही धरले, पण एखादा चरण उलगडताना अख्खा मांडव नकळत पुढे सरकतो, हे तिच्याच कीर्तनात पाहिलं. विठ्ठलानं तिला गळा दिला आणि रंग आपलाच दिला. याहून मोठं देणं कोणतं? पण वासुदेवरावांना विठ्ठल सावळा चालतो, कीर्तनकार चालत नाही.

गेल्या वर्षी सिहोऱ्याच्या सप्ताहाच्या फ्लेक्सवर विक्कीनं कामिनीला इतकी गोरी केली, की तिथल्या मंडळींनी हार घातला तो तिच्यासोबत आलेल्या मावसबहिणीला, डिंपलला. डिंपल गोरी. आणि कामिनीला म्हणाले, "बाई, वाढायची भांडी मागच्या अंगाले हायेत." ती हसली खरी, पण यंदा तिची एकच अट होती: फ्लेक्सवर मी माझ्यासारखी दिसली पाहिजे.

यंदा निरूपण हंसावर होतं, दूध-पाणी निवडणाऱ्या. हायवेवरच्या लॉनवाल्यानं लग्नाआधीच्या फोटोंसाठी तळ्यात हंसांची जोडी आणून ठेवलीय. तिथं आम्ही सकाळी पोचलो: कामिनी, तिची आई शकुबाई, वासुदेवराव आणि मी. विक्की काळा चष्मा लावूनच आला. उजेडाचा धंदा करणारा माणूस उजेडाला इतका भितो, हेही नवलच.

त्यानं कामिनीला झाडाच्या सावलीत पायरीवर उभं केलं. समोर उन्हात हंस. त्यातला एक पाण्यातच उभा झाला, मान ताठ केली आणि पंख फडफड झाडले. विक्कीनं कचकच फोटो घेतले आणि कॅमेऱ्याचा पडदा आमच्यापुढे धरला. कामिनीचं तोंड तांदळाच्या पिठाचं. हंसाच्या अंगावर पिसाचा मागमूस नाही, पंखांच्या जागी नुसता फराटा.

शकुबाई म्हणाली, "काऊन रे बाबू, हंस हाये का गादीतून निंघालेला कापूस?"

"मावशी, हंस पांढराच रायते."

"पांढऱ्याले पिसं नसते का?"

कामिनी हळूच म्हणाली, "भाऊ, उजेड कमी करा ना."

"करतो. मंग तू कोळशावानी दिसशीन, मले नको सांगू."

त्यानं चाक खाली फिरवलं, फोटोचा वेग वाढवला. म्हणजे गड्याला येत होतं सगळं! आता हंसाचं पीस न पीस वेगळं दिसलं, उडालेलं पाणी थेंब थेंब हवेत थांबलं. पण सावलीतली कामिनी पार अंधारात गेली.

"घ्या," विक्की खिदळला. "एक तं हंस घ्या, नाही तं बाई घ्या."

"पयलाच ठेव," वासुदेवराव म्हणाले. "हंसाची पिसं मोजाले कोण येते सप्ताहात?"

कामिनी पायरीवरून उतरली. सावलीतून बाहेर आली आणि जिथं हंसावर ऊन पडत होतं त्याच उन्हात, सूर्याकडे तोंड करून पाण्याकाठी बसली. "आता घ्या. दोघांवर एकच ऊन हाये."

"उन्हात डोये बारीक होते, ताई."

"होऊ द्या. माह्येच हायेत."

हंस मात्र आता रुसला. मान पाण्यात घालून बसला, मग पाठ खाजवत बसला. विक्की घड्याळ पाहत कुरकुरला. कामिनी हलली नाही. शेवटी हंस पुन्हा उभा झाला, पंख उघडले, आणि विक्कीनं नाइलाजानं कळ दाबली.

मी तो फोटो पाहिला आणि हात जोडले गेले. पांढरा हंस पिसापिसानं पांढरा, आणि त्याच्या बाजूला काळीसावळी कामिनी, डोळे किलकिले, जशी आहे तशी.

"ब्येस," वासुदेवराव म्हणाले. "पाठव दोन्ही." त्यांच्या त्या 'ब्येस'मध्ये काय होतं ते आम्हाला सप्ताहातच कळलं.

कीर्तनाच्या दिवशी आम्ही अड्याळच्या मांडवात शिरलो, तर मंचामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच पहिला फोटो. पिठाची बाई, कापसाचा हंस, आणि खाली हात जोडलेले स्वतः वासुदेवराव, तेही गोरे.

शकुबाईच्या तोंडून शिवी निघाली. मांडव भरलेला. कामिनी फ्लेक्सकडे पाहत राहिली. मला वाटलं, ही आता परत फिरते. ती मंचावर चढली, वीणेला नमस्कार केला, पण उभी राहिली नाही, बाजूला बसली.

"चालू करा ना, बाई," वासुदेवराव माईकवर म्हणाले.

"कसं करू, काकाजी? माह्या जागेवर तं कोणी दुसरीच बाई उभी हाये." तिनं मागे बोट केलं. "तिले पयले बसवा. मंग मी उभी राहीन."

बायकांत आधी खसखस पिकली, मग अख्खा मांडव हसला. वासुदेवरावांनी मंडळाच्या पोरांकडे पाहिलं. एकही पोरगा जागचा हलेना. कामिनी पदर सावरून निवांत बसलेली. शेवटी अध्यक्षमहाराज स्वतः स्टुलावर चढले आणि दोरीची गाठ सोडवायला लागले. गाठ पक्की होती, दातानं ओढावी लागली.

फ्लेक्स घसरून खाली आला. कामिनी उठून मधोमध उभी झाली. मी टाळ उचलले.