पावसाआधी येते

तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढत वसुधाताई बुसीचा लाल झगा कमरेशी आत घेत होत्या. बुसी दोन्ही हात वर धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. जोहान्सबर्गहून आणलेला तो झगा बरीच वर्षं पेटीतच होता, आणि आता तिला सैल झाला होता.

“फार घट्ट नको,” बुसी म्हणाली. “गायला श्वास लागतो.”

वसुधाताई पुण्याहून परदेशी, अप्पर हट या गावी मकरंदकडे, म्हणजे मुलाकडे, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. शेजारची बुसी, म्हणजे बुसिसिवे, मात्र नर्स असलेल्या मुलीकडे, थोबेकाकडे, कायमची राहायला आली होती. दोघींची ओळख कुंपणापाशी कपडे वाळत घालताना झाली. वसुधाताईंचं इंग्रजी बेताचं, बुसीचं संथ. त्यामुळे जमून गेलं. बुसीची नात शाळेतून येईपर्यंत ती बोलत बसायची.

ती झुलू मुलखातल्या एका टेकडीवर वाढली. चर्चमध्ये गाता गाता आवाज तयार झाला. सतराव्या वर्षी डर्बनला एका गोऱ्या घरात भांडी घासायला गेली आणि रविवारी एका हॉलमध्ये बँडबरोबर उभी राहू लागली. पुढे जोहान्सबर्ग, रेकॉर्डिंग, पोस्टरवर नाव. गावोगावचे हॉल भरायचे, पण हॉटेलं त्यांना खोली देत नसत. सगळा बँड बसमध्येच झोपायचा. एकदा पोलिसांनी काळ्या माणसांना जवळ बाळगावा लागणाऱ्या पासावरचं नाव खोटं ठरवलं, तेव्हा तिला रस्त्यावर गाऊन दाखवावं लागलं. हे सांगताना ती हसली होती. वसुधाताईंना हसू आलं नव्हतं.

थोबेका सहा महिन्यांची असताना बुसीनं तिला टेकडीवर आपल्या आईजवळ ठेवलं. वर्षातून एकदा, नाताळला, ती नवे बूट घेऊन जायची. बूट दर वेळी लहान पडायचे, कारण तिच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीचे पाय असायचे. मुलगी आजीला ‘मा’ म्हणायची आणि हिला बुसिसिवे.

आता जवळच्या पोरिरुआतल्या आफ्रिकी मंडळींनी एका रविवारी दुपारी कार्यक्रम ठरवला होता. त्यात बुसीनं तिचं गाजलेलं गाणं म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. शहरात कामाला गेलेली मुलगी गावी निरोप धाडते, ‘आईला सांगा, मी पावसाआधी येते’, असं ते गाणं. गेली वीस वर्षं बुसी कुठे गायली नव्हती. थोबेकाला विचारलं तर ती म्हणाली, त्या दिवशी ड्यूटी आहे. आणि तसंही, आईची गाणी तिनं कधी ऐकलेली नाहीत.

बुसीनं मग पुन्हा विचारलं नाही.

रविवारी मकरंदनं दोघींना पोरिरुआला सोडलं. हॉल साधाच, बास्केटबॉलच्या रेघा आखलेला. मागच्या टेबलावर चहाचे मग आणि केक. बुसी स्टेजवर गेली. वसुधाताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग आवाज आला. जाड, खालच्या पट्टीतला, कडेला थोडा फाटलेला. पुढच्या रांगेतल्या बायका उठून डोलू लागल्या. दुसऱ्या कडव्यात वसुधाताईंनी सहज मागे पाहिलं. दाराशी, नर्सच्या गणवेशावर कोट चढवून थोबेका उभी होती.

लोक बुसीला मिठ्या मारत होते तेव्हाही थोबेका पुढे आली नाही. गर्दी ओसरल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की ड्यूटी लवकर सुटली आणि मकरंदला न्यायला येऊ नको म्हणून फोन केलाय.

परतताना वसुधाताई मागे बसल्या. त्या गाडीत असल्या की मायलेकी इंग्रजीतच बोलायच्या. गाडी हेवर्ड्सचा घाट चढली.

“दुसऱ्या कडव्यात तू शब्द बदललास,” थोबेका म्हणाली. “‘पावसानंतर येते’ म्हणालीस.”

बुसी मांडीवरचा झगा सारखा करत राहिली.

“पावसाआधी मी कधी पोचलेच नाही,” ती म्हणाली. “या वयात खोटं कशाला गायचं?”

गाडी उतारावर लागली. खाली दरीतली घरं, त्यांच्या पत्र्यांवर तिरपं ऊन. मग बुसीनं हळूच मान वळवली.

“पण तुला कसं कळलं? आपल्या घरी माझी रेकॉर्ड नव्हती.”

थोबेकाची नजर रस्त्यावर होती.

“रेडिओवर लागायचं. आजीला बॅटरी संपायची भीती. मी तेवढं एकच गाणं ऐकायचे आणि बंद करायचे.”

वसुधाताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढे बुसीचा हात सीटच्या कडेवरून सरकला, गिअरवरच्या मुलीच्या हाताजवळ आला आणि तिथेच थांबला.

“शब्द आहेत तेच म्हणत जा,” थोबेका म्हणाली.

खाली राउंडअबाउटचा गोल चौक आला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पण तिकडून एकही गाडी येत नव्हती. तरी थोबेका गिअरवरचा हात न हलवता थांबून राहिली.