जीपमधली हिरवी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. बारामतीच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले, हिरवा रंग दिला आणि वालचंदनगरच्या ज्योत्स्नाताई मला घरी घेऊन आल्या. ताई नर्स होत्या. त्यांचे यजमान सोमनाथराव कारखान्यात नोकरीला होते.

किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ताई मदतीला गेल्या होत्या. वेळेवर मदत न मिळाल्याने गेलेली माणसे त्यांनी तिथे पाहिली. परत आल्यावर एका सकाळी त्यांनी मला समोर ओढले. कापूस, पट्ट्या, बॅटरी, मेणबत्त्या, दोरी, गूळ-शेंगदाणे... माझे पोट गच्च भरले. घरासाठी तसाच एक डबा दाराजवळ ठेवला आणि मला आमच्या जीपमध्ये बसवले.

सोमनाथराव हसले. "अगं, आपल्याला बारामतीला जायचं हाय, काश्मीरला न्हाय!"

"असू द्या की. ती काय खायला मागती व्हय?" ताई म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात बारामतीच्या वाटेवर पिंपळीजवळ उसाची एक बैलगाडी उलटलेली दिसली. गाडीवान बिरू खाली पडला होता. गाडीतल्या कोयत्याने त्याची मांडी चिरली होती आणि रक्त थांबत नव्हते.

"ताई, ह्यांना वाचवा ओ!" त्याची बायको गोजरबाई रडत होती.

ताईंनी माझे झाकण उघडले. कापसाचा जाड थर जखमेवर दाबला, वरून पट्टी आवळली. बिरूला जीपमध्ये घातले. दवाखाना येईपर्यंत ताईंनी हात काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, "पट्टी वाटेतच बांधली, म्हणून हा वाचला."

सोमनाथरावांनी माझ्यावरचे रक्त स्वतः धुतले. तेव्हापासून बॅटरीचे सेल बदलायचे काम ते दुसऱ्या कुणाला करू देईनात.

संक्रांतीला बिरू लंगडत आला. गोजरबाईने पदराखालून गुळाची ढेप काढली. "ताई, पेटीत आमचा बी गूळ असू द्या." पुढे दरवर्षी तिचा गूळ येत राहिला. काय सुगंध होता त्याचा!

मग नवी गाडी आली. तिच्यात प्लास्टिकचा चकचकीत डबा होता. मी माळ्यावर गेले. माझ्यातला कापूस पिवळा पडला, सेल फुटून गंज चढला.

माझे वय झाले, त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, तो नवा डबा अजून कुणी उघडलेला नाही. तुमच्या घरातला, गाडीतला डबा तरी अधूनमधून उघडून बघत जा. संपले ते भरा, जुने झाले ते बदला. रस्त्यात पडलेल्या माणसाला दुकान उघडेपर्यंत थांबता येत नाही.