चहा गार होईपर्यंत

माझा धाकटा चहा कपात पडल्या पडल्या घशाखाली ओततो, ही माझी त्याच्याबद्दलची फार जुनी तक्रार. जीभ पोळली तरी चालेल, पण दम म्हणून नाही. त्याच्या वडिलांनी याच गॅरेजात तीस वर्षं रेडिएटर दुरुस्त केले आणि एक रीत घालून दिली. सकाळी इंजिन पार गार असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, दाब भरायचा आणि पंपाच्या काट्यासमोर चहाचा ग्लास ठेवून बसायचं. चहा गार झाला तरी काटा जागचा हलला नाही, तर गळती नाही, गाडी पास. मगच चहा प्यायचा. जन्मभर माणसाने गार चहा प्यायला. मीही कधी परत गरम करून दिला नाही, नाहीतर त्याला तीच सवय लागली असती.

त्या संध्याकाळी थोरल्याने शाळेची व्हॅन आणून उभी केली. थोरला ती चालवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बारा मुलं आणि त्यांच्या वर्गाच्या बाईंना घेऊन त्याला घाटापलीकडे स्पर्धेला जायचं होतं. वर धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी.

"हीटर लावला की काचेवर आतून धुरकट थर येतो," तो म्हणाला. "पुसला की परत हजर."

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. नाकात गोडसर वास शिरला, पाक करपल्यासारखा. पायाखालची चटई हाताला चिकट लागली. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण हा वास मला कुणी शिकवावा लागत नाही.

"हीटरची जाळी गळतेय," मी म्हणाले. "इंजिनाचं कूलंट घातलेलं पाणी आत येतंय."

धाकटा हसला. "आई, पोरं गोळ्या-चॉकलेटं सांडतात गाडीत. तुला वासावरनं निदान करायचं तर दवाखाना टाक ना!"

त्याने फडकं धरून रेडिएटरचं झाकण जरा जरा सैल केलं, फुसफुसून वाफ जाऊ दिली. असंच तापलेलं झाकण एकदम उघडल्याने उडालेल्या वाफेने त्याच्या वडिलांच्या गळ्याखालची कातडी नेली होती. मग त्याने पंप लावला.

"तापलेल्या इंजिनाला पंप? अरे, धातू फुगलाय, चीर मिटलेली असणार. सकाळी लाव."

"सकाळी साडेपाचला निघायचंय दादाला. हा बघ काटा. हललाय का? सांग, हललाय?"

नव्हता हलला. धाकट्याने तीन घोटांत ग्लास रिकामा केला आणि पंप काढला. माझ्या ग्लासातून अजून वाफ निघत होती. ती मी पाहिली आणि गप्प बसले. गॅरेज आता धाकट्याचं, मी लक्ष घालत नाही, असं चार लोकांत मिरवत मीच फिरत होते. त्या मिरवण्याने माझं तोंड शिवलं.

सकाळी आठच्या सुमारास थोरल्याचा फोन आला. धाकट्याचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून बाकड्यावर ठेवला. मी तिथेच बसून नट निवडत होते.

"अरे, हीटर एकदम गार वारा फेकायला लागलाय," थोरला सांगत होता. "मुलं कुडकुडतायत. पण गाडीचा गरमीचा काटा पार खाली आलाय. मघाशी मध्यावर होता."

"मग उत्तमच की! काटा खाली म्हणजे इंजिन गार. हीटरचा वॉल्व्ह अडकला असेल. चल तू पुढे, आल्यावर बघतो."

माझ्या हातातले नट खाली सांडले. वरून गार वारा आणि खाली पडलेला काटा, दोन्ही एकदम. ह्यांनी मला एकदा हात धरून दाखवलं होतं. हीटरला गरमी इंजिनाच्या पाण्याचीच, पाणी संपलं की आधी तो गार पडतो. आणि काट्याला खबर देणारं बोंडही पाण्यातच बुडलेलं असतं. ते कोरडं पडलं की काटा झोपतो. इंजिन आत भाजत असतं आणि काटा सांगतो, सगळं ठीक आहे.

मी फोन ओढून घेतला. "गाडी बाजूला घे! बंद कर आधी! आणि हे बघ, झाकण..."

फोन कट झाला. घाटात रेंज गेली होती. धाकट्याने परत लावला, परत परत लावला. दर वेळी फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई तेच सांगत राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आम्ही दोघं त्या फोनसमोर बसून राहिलो. तीन तास.

मग फोन आला तो मुलांच्या बाईंचा, दवाखान्यातून.

थोरल्याने माझं 'झाकण'पर्यंतचं ऐकलं होतं. गाडी बाजूला घेतली, बंद केली, मुलांना उतरवून कठड्याच्या आत उभं केलं. मुलं थंडीने निळी पडायला लागली होती. पाणी टाकून पटकन निघू, म्हणून त्याने त्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. इंजिन गार आहे, असं भावानेच सांगितलेलं. त्याने दोन्ही हातांनी झाकण फिरवलं.

मुलं सुखरूप आली. मागून येणाऱ्या बसने आणली.

थोरला बावीस दिवसांनी घरी आला. बोटं आता पुरती मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या सकाळी तो उघड्या शर्टाने बाकड्यावर बसला होता, पांढरे गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून. समोर ठेवलेला चहा त्याला उचलता येईना आणि मागायलाही जमेना. धाकटा दारात उभा होता, गॅरेजची किल्ली हातात घेऊन. खाली मान घालून म्हणाला, "आई, काहीतरी बोल. शिव्या दे, पण बोल."

म्हणून बोलले.

"शिव्यांनी तू सुटशील, त्या नाही मिळायच्या. ये इकडे. रोज सकाळी दादाला चहा तू पाजायचास, फुंकर मारून, घोट घोट. मग त्याची बटणं लावायचीस, वरपासून खालपर्यंत. त्यानंतर गॅरेजात पंपाच्या काट्यासमोर दोन ग्लास गार होतील, एक तुझा आणि एक माझा. त्या संध्याकाळी मीही गप्प बसले होते. पण बटणं लावून झाल्याशिवाय शटर उघडायचं नाही. ठेव ती किल्ली खाली."