अठ्ठाविसावा बिनतिकीट

बसमध्ये तिकिटं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. रडणाऱ्यांनाही मी कधी सोडलं नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. म्हणून मुलाने घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मांडली आणि विकत आणलेल्या खडकांच्या भोकांतून न बोलावलेल्या अळ्या, गोगलगायी, खेकडे डोकावायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हे तुमच्याच खात्यातले. सगळे बिनतिकीट!"

प्रत्येकाला नंबर देऊन तो वहीत लिहायचा. नंबर तीन, केसाळ अळी : उरलंसुरलं खाते, राहू द्यावी. नंबर अकरा, चपटी अळी : शिंपले खाते, काढावी. मी मागून कटकट करायचो, "एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर!" अठ्ठाविसावी नोंद त्याने मंगळवारी केली. "मोठी अळी. चमकते. डोक्यावर मिशा किती? नीट दिसलं नाही. ओळखायची आहे." गुरुवारी कामावर जाताना ट्रकने त्याला उडवलं.

टाकी आम्ही ठेवली. त्यात एक नारिंगी मासा होता, ठमी. त्याने आईच्या वाढदिवसाला आणलेला. मुलगा गेल्यावर ही कुणाशी धड बोलेना, पण सकाळी काचेपाशी जाऊन "उठलीस का गं?" म्हणायची, आणि ठमी तिच्या बोटामागे फिरायची. घरात तेवढाच आवाज होता.

मग मासे नाहीसे व्हायला लागले. आधी निळा, मग दोन पिवळे. उडी मारली असेल म्हणून हिने सोफ्याखाली झाडून पाहिलं. मी मुलाची वही काढली. रोज संध्याकाळी टाकीचा दिवा घालवून, अळीला उजेड कळू नये म्हणून बॅटरीला लाल कागद लावून बसलो. नवव्या दिवशी ती अळी बाहेर आली. अंगठ्याएवढी जाड, अंगावर तेलाच्या तवंगासारखे रंग. मिशा मोजल्या. पाच. मला इतका आनंद झाला की मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

रविवारी टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानातल्या बाईंना सांगितलं. पाच ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "काका, खडकासकट आजच्या आज बाहेर काढा. ही मासे खाते. एक ठेवणार नाही."

घरी येऊन बाह्या सरसावल्या आणि खडक कुठला ते नक्की करायला वही उघडली. "ओळखायची आहे." त्यापुढे कोरी पानं. तो ज्याच्या मागे होता असं एवढंच जगात शिल्लक होतं, आणि ते मी बादलीत टाकून मारायचं? मला नाही जमलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणालातरी जाऊ दिलं. ठमी मोठी आहे, हुशार आहे, असं स्वतःला समजावलं. हिला म्हटलं, "काळजीचं काही नाही म्हणाल्या त्या."

शनिवारी सकाळी ही चिमटीत खाणं धरून काचेपाशी उभी होती. "ठमे," तिने हाक मारली. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा मारली. मग माझ्याकडे वळली. माझं तोंड तिला चाळीस वर्षं वाचता येतंय.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारपासून."

"मग काढली का नाहीत?"

"त्याचं शेवटचं तेच राहिलं होतं गं. अर्धवट."

चिमटीतलं खाणं तिने परत डबीत टाकलं, झाकण लावलं.

"आणि माझं?" ती म्हणाली.

मी तसाच टाकीत हात घातला, खडक धरला, उचलायला लागलो. तिने माझं ओलं मनगट पकडलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता आत दुसरं कोण उरलंय?"